आमची वाटचाल : नागलीच्या पापडातली कचकच

२०१६ च्या उन्हाळ्यात नाशिकच्या सिडकोतल्या घराच्या गच्चीवर पहिल्यांदा विकण्यासाठी नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड घातले. गिऱ्हाईक म्हणजे शेजारपाजार आणि नणंदेच्या शाळेतल्या बाई. दोन वर्षं तेवढ्यावरच चाललं. मग डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या एका प्रदर्शनात स्टॉल घेतला, तर समोरच पंचवटीतल्या एका ताईंचा स्टॉल. त्यांचेही नागलीचेच पापड. संध्याकाळी त्यांचा माल संपला, माझी अर्धी पाकिटं तशीच.

निघताना त्यांचं एक पाकीट विकत घेतलं. घरी दोन पापड तळले, एक त्यांचा, एक माझा. रंग तोच, फुललेही सारखेच. पण माझा चावताना दाताखाली बारीक कचकच आली. नागली मोहरीएवढी, खळ्यातली माती तिच्यासोबतच येते आणि नुसतं चाळून सगळी जात नाही. माझ्या जिभेला त्याची इतकी सवय झाली होती की ते कधी जाणवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरळ जाऊन विचारलं. ताई म्हणाल्या, "तीन पाण्यांतून रोवळून घ्या. कडक वाळली की मगच दळायला द्या."

"मला का सांगितलंत?"

"तुमच्या पापडात कचकच लागली तर लोक म्हणतील, नागलीचे पापड असेच असतात. मग माझे तरी कोण घेईल?"

पुढच्या वर्षी मी त्यांच्या पुढे गेले. अन्नसुरक्षेची नोंदणी केली (तेव्हा १२ लाखांच्या आत उलाढाल असली की वर्षाला फक्त १०० रुपये लागायचे), नीट लेबल छापलं. लेबल कुठून छापलं ते त्यांनी विचारलं, मी पत्ता दिला.

सगळंच असं गोड नव्हतं. एक दुकानदार मला सांगायचा, "त्या ताई किलोमागे २० रुपये कमी घेतात." त्यांना माझ्याबद्दल तेच. आम्ही दोघी भाव पाडत गेलो आणि मी ती तूट लाटायला येणाऱ्या बायकांच्या मजुरीतून काढली. हे लिहिताना आजही लाज वाटते. माझ्याकडे लाटणारीची सख्खी बहीण ताईंकडे लाटायची. दोघींनी घरी हिशोब जुळवला आणि एके दिवशी दोघीही आमच्यासमोर येऊन बसल्या. तेव्हा ठरलं ते आजवर मोडलेलं नाही: लाटण्याची मजुरी दोन्हीकडे एकच, आणि भाव कमी करायचा झाला तर तो मजुरीतून नाही. चव, पॅकिंग, गिऱ्हाईक यांत मात्र कुणी कुणाला सोडायचं नाही.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. ज्यांना नागली गरिबाघरची वाटायची तेही कॅल्शियमचं नाव घेत पापड मागू लागले. एक ऑर्डर इतकी मोठी आली की एकटीच्या गच्चीवर मावेना. निम्मी ताईंनी केली. पीठ, मीठ, पापडखार, तीळ सगळं एकाच मापाने, पण पाकिटावर नाव ज्याचं त्याचं.

हिशोब जुळवणाऱ्या त्या दोघी बहिणींनी आता स्वतःच्या कुरडया आणि पापड सुरू केलेत. त्यांचा लसूण-मिरचीचा पापड आमच्या दोघींपेक्षा सरस आहे. यंदाच्या प्रदर्शनात त्यांचा स्टॉल माझ्या शेजारीच होता आणि आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती.

नागली मात्र आता चौघी मिळूनच घेतो. येत्या रविवारी पहाटेच सुरगाण्याला निघायचंय, गाडी ताईंची आहे.