डावा बाण, उजवा बाण

नातीने लॅपटॉपवर कोट्यवधी वर्षांपूर्वी खंड कुठे होते ते दाखवणारा नकाशा उघडून दिला आणि बजावलं, "आजी, डावा बाण दाबलास की मागे, उजवा दाबलास की पुढे. बाकी कशाला हात लावू नकोस." तासाभराने ती परत आली तेव्हा मी 75 कोटी वर्षं मागे जाऊन बसले होते.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. खंडवहनाच्या तासाला माझा ठरलेला खेळ म्हणजे पुठ्ठ्याची आफ्रिका आणि पुठ्ठ्याची दक्षिण अमेरिका. मुलांना म्हणायचं, जोडा बघू. ब्राझीलचा कोपरा गिनीच्या आखातात जाऊन बसला की वर्ग खूश. पण कुठेतरी फट राहायचीच, आणि नायजर नदीच्या मुखाशी पुठ्ठे एकमेकांवर चढायचे. कुणी विचारलंच तर मी दामटून सांगायचे, "कातरकाम नीट झालेलं नाही."

कातरीची चूक नव्हती. किनारा ही खंडाची खरी कड नाहीच मुळी. भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, संपून समुद्र एकदम खोल होतो तिथे खंड संपतो. 1965 साली केंब्रिजच्या एडवर्ड बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी हेच जोडकाम संगणकावर केलं, तेव्हा किनारा सोडून साधारण 900 मीटर खोलीवरची रेषा धरली. तुकडे छान बसले. नायजरपाशी मात्र त्यांचेही चढले, कारण तो त्रिभुज प्रदेश नदीने गाळ आणून नंतर रचलेला. खंड वेगळे झाले तेव्हा तो नव्हताच. म्हणजे पुठ्ठा खरं बोलत होता, बाईच ऐकत नव्हत्या.

तर नकाशा. सगळ्यात मजा भारताची. 9 कोटी वर्षांपूर्वी तो मादागास्करला चिकटलेला दिसतो. एक बाण पुढे, 6 कोटी 60 लाखांवर, समुद्रात एकटाच, आणि त्याच सुमाराला दख्खनवर लाव्हा पसरत होता. आणखी एक बाण, आशियाच्या दाराशी. मधल्या काळात त्याचा वेग वर्षाला 15 सेंटीमीटरच्याही वर गेला होता. आज तो 5 च्या आसपास आहे. एका बोटाच्या दाबात हे सगळं उरकतं, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

नातीने शोधायच्या चौकटीत एव्हरेस्ट टाकलं आणि 45 कोटींवर नेलं. टिंब पाण्यात! शिखरावरचा चुनखडक त्याच काळातला, गोंडवना या दक्षिणेकडच्या जुन्या महाखंडाच्या काठच्या उथळ समुद्रात साचलेला; त्यात ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री प्राण्याचे तुकडे सापडतात. मी हे सांगत होते तेवढ्यात तिने तोच प्रश्न टाकला जो मागच्या बाकावरून दरवर्षी यायचा.

"पण हे पाहिलं कुणी?"

अलीकडच्या काळाचं सोपं आहे. अटलांटिकच्या मधोमध नवा तळ तयार होतो आणि दोन्हीकडे सरकतो. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटतं, त्याचे पट्टे त्या तळात उमटलेले असतात. पट्टे मिटवत मागे गेलं की खंड जवळ येतात. पण समुद्रतळ कायम टिकत नाही, पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो. जवळजवळ सगळा तळ 20 कोटी वर्षांच्या आतला. त्यामागे जायचं तर जमिनीवरचे जुने खडक धरायचे. लाव्हा थिजताना त्यातले चुंबकीय कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने लागतात: विषुववृत्तावर आडवे, ध्रुवाकडे जावं तसे तिरके होत होत उभे. त्या तिरकेपणावरून अक्षांश निघतो. रेखांश निघत नाही. तोच अक्षांश धरून अख्खा खंड पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकवला तरी कण तसेच.

मला खटकलं ते हेच. 40 कोटींचा नकाशा 4 कोटींच्या नकाशाइतकाच ठसठशीत. तोच हिरवा, तोच निळा, काठ तितकेच रेखीव. वर आजच्या देशांच्या सीमा बारीक रेषेत काढलेल्या. पाहणाऱ्याला वाटावं, उपग्रहातून फोटो घेतलाय.

नातीने सैबेरियावर बोट ठेवलं. "म्हणजे हा इथेच होता असं नाही?"

"उत्तर-दक्षिण मोजलंय. पूर्व-पश्चिम जीवाश्म, दोन्हीकडचे जुळणारे खडक, जुन्या डोंगररांगा बघून बसवलंय."

"मग तिथे रंग फिका करायचा ना."

त्यावर मी तिला कातरकामाची गोष्ट सांगितली.