खुजामाची वही : कुवेतमधला तिसरा हंगाम

मागचे दोन हंगाम मी नुसता फुलांमागे धावलो. फेब्रुवारीत कुणीतरी फोटो पाठवायचं, मी शुक्रवारी गाडी काढायचो, आणि पोचेपर्यंत मेंढरं जेवून गेलेली असायची. यंदा एकच जागा धरली. सालमी रस्त्यापासून थोडं आत, पाणी जिरतं अशी एक उथळ खोलगट जागा.

नव्याने नाद लागलेल्यांसाठी एवढंच : खुजामा म्हणजे हॉरवूडिया डिक्सनिई. मोहरी-मुळ्याच्या कुळातली, एका हंगामात जगून मरणारी. या प्रजातीत ही एकच जाती. १९२९ साली कुवेतला आलेल्या व्हायोलेट डिक्सन वाळवंटातली झाडं वाळवून लंडनजवळच्या क्यू उद्यानाकडे पाठवायच्या. १९३९ मध्ये या झाडाला त्यांचं नाव मिळालं.

२३ नोव्हेंबर
पहिला बरा पाऊस, तोही वस्मात. इथले जुने लोक वर्षाचा एकूण पाऊस विचारतच नाहीत, वस्मात पडला का ते विचारतात. वस्म म्हणजे इथला सुरुवातीच्या पावसाचा काळ : ऑक्टोबरच्या मध्यापासून ५२ दिवस, १३-१३ दिवसांची चार नक्षत्रं. त्यातलं सिमाक म्हणजे आपली चित्रा! आमच्या आजोबांना हे हिशेब पटकन कळले असते. सबंध वर्षाचा पाऊस सव्वाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यामुळे लवकरची एक सर हुकली तर पुढे जानेवारीत कितीही पडून फारसा उपयोग नाही. रोपाला वाढायला दिवसच उरत नाहीत.

२० डिसेंबर
हिरवं दिसलं. खाचदार पानांची, जमिनीला चिकटलेली चक्रं. ४१ मोजली आणि खुशीत घरी आलो.

१७ जानेवारी
त्यातल्या २६ जणांना पिवळी फुलं! तो शिंपेरा निघाला, खुजामाचा चुलतभाऊ. उरले १५. आता मी पान बोटांत धरून बघतो : खुजामाचं जरा मांसल लागतं. फोटोवरून ओळखायचा नाद सोडला.

१४ फेब्रुवारी
उमलला. मुळा शेतात सोडून दिला की डिंगऱ्या धरण्याआधी जी फुलं येतात, तीच चार पाकळ्यांची ठेवण. फक्त आकार मोठा आणि रंग गडद जांभळट. फोनमध्ये हा रंग निळा येतो. दुपारी तर येतोच येतो. सकाळी साडेसातला, माझ्या अंगाची सावली पाडून काढलेले चार फोटो त्यातल्या त्यात खरे आलेत. वास मात्र कशातच येत नाही. वारा पडला की उकिडवं बसायचं, गोडसर, मोगऱ्याइतका उग्र नाही. मुळ्याच्या भावंडाला असा वास असावा याचं मला अजून नवल वाटतं.

सौदीने २०२१ मध्ये पाहुण्यांच्या स्वागताचा लाल गालिचा बदलून जांभळा केला, तो वाळवंटातल्या या बहराच्या रंगाचा. इथे १५ झाडांचा गालिचा होत नाही, हे कास पाहिलेल्या मित्रांना सांगून दमलो.

७ मार्च
जागेतून आडवी टायरची खूण. कॅम्पवाल्यांची फोर-व्हील असावी. सहा झाडं गेली. खरं तर चूक माझीही आहे. जागा लक्षात राहावी म्हणून मी पांढऱ्या दगडांची ओळ लावली होती, ती रस्त्याची कड वाटली असणार. आता फोनवर खूण ठेवतो, जमिनीवर काही नाही. आणि हो, वाळूत अर्धवट पुरलेलं लोखंड दिसलं तर पायानेही हलवू नका. १९९१ च्या युद्धातला दारूगोळा अजून सापडतो.

४ एप्रिल
फळं धरली. यासाठीच तर एवढा खटाटोप! चपटी, गोल, भोवती कागदी पंखाची झालर. उडदाचा पापड नाण्याएवढा लाटावा तशी. शेंगेसारखी तडकून फुटत नाहीत, बी आतच ठेवून अख्खं फळ वाऱ्याने सरपटत जातं. एक माझ्या बुटापाशी येऊन अडकलं. उचललं, उन्हात धरून पाहिलं, परत खाली ठेवलं. दुसरी झुळूक आली तसं ते टायरच्या चरात जाऊन पडलं.

पुढची नोंद वस्मानंतर.