सासूबाईंच्या आईचं माहेर: नॉरफोकमधले चार दिवस

इंग्लंडच्या 1911च्या जनगणनेचा फॉर्म सासूबाईंच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, स्वतःच्या हाताने भरला होता. त्याआधीचे घरोघरचे कागद आता उरलेले नाहीत. 1841 ते 1901पर्यंतचं जे आपण ऑनलाइन पाहतो, ती प्रगणकाने नक्कल करून ठेवलेली वही. 1911ला मात्र घरच्या माणसाचंच अक्षर भेटतं. आजोबा शेतावर घोडे सांभाळायचे, पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या बोलीत 'टीममन'. अक्षर मोठं, सावकाश काढलेलं. त्या वर्षी विवाहित बायकांसाठी जादा रकाने होते: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती, गेली किती. आजोबांनी लिहिलं आहे: 14, 9, 6, 3.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. मामा-मावश्या मिळून पाच आणि सहावी त्यांची आई, एवढंच त्यांना ठाऊक. लॅपटॉपवरच्या त्या तीनच्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाल्या, "यांना पुरलं कुठे असेल?" नॉरफोकला जायचं त्याच संध्याकाळी ठरलं.

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन रेडिंगला आले त्याला बावीस वर्षं झाली. आमच्या घराण्याची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आहेत. सात पिढ्यांचे पुरुष त्यात सापडतात, बाई एकही नाही. त्यामुळे शेतमजुरांच्या घरातल्या बायकांचा माग लागेल असं मला आधी वाटलंच नव्हतं. तो लागतो, आणि चांगला लागतो, म्हणून हे लिहिते आहे. गावाचं नाव देत नाही, कारण नात्यातले लोक अजून तिथे राहतात. मध्य नॉरफोक, डीरहॅमच्या आसपास, एवढं पुरे.

निघण्याआधी घरी बसून होईल तेवढं करून घ्या. ती तीन मुलं आम्ही घरीच शोधली. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837पासून सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर त्याची सूची आहे, नाव नोंदवलं की फुकट पाहता येते. तिचा सगळ्यात मोठा उपयोग असा, की जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं, तेही 1837पासून. जुन्या छापील सूचीत ते 1911च्या उत्तरार्धापासूनच मिळतं. एका वेळी दिलेल्या सालाच्या पुढची-मागची दोन वर्षंच शोधता येतात आणि मुलगा-मुलगी वेगळं शोधावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण करा. आजोबांचं आडनाव आणि आजीचं माहेरचं आडनाव घालून 1896पासून पुढे गेलो, तेव्हा बरोबर नऊ मुलं निघाली.

त्यात सासूबाईंच्या आईचं नाव दोनदा होतं, 1904 आणि 1909. आम्ही गोंधळलो. मृत्यूंची सूची पाहिल्यावर उलगडा झाला: 1904ची मुलगी दोन वर्षांची होऊन गेली आणि पुढे झालेल्या मुलीला तेच नाव ठेवलं. त्या काळी ही सर्रास चालणारी रीत होती. म्हणून सांगते, जन्म सापडला म्हणून लगेच वंशवृक्षात चिकटवू नका. त्या नावाचं मूल लहानपणी गेलं तर नाही ना, ते आधी बघा. सासूबाई त्या दिवशी जेवताना गप्प होत्या. "आईला हे माहीत असेल का गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मागे जाताना खरी अडचण आली ती आजोबांच्या वडिलांपाशी. 1861, 1871, 1881, प्रत्येक जनगणनेत ते व्यवस्थित होते, 'अ‍ॅग लॅब' म्हणजे शेतमजूर. 1851ला मात्र गायब. कुणीतरी ऑनलाइन चढवलेल्या वंशवृक्षावर विश्वास ठेवून मी शेजारच्या गावातल्या त्याच नावाच्या मुलामागे सहा महिने गेले. तो मुलगा वेगळाच निघाला. वाट दाखवली ती 1862च्या लग्नाच्या नोंदीने. 1837नंतर चर्चच्या विवाहनोंदवहीत वर-वधू दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहिण्याचा रकाना असतो. वराच्या वडिलांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. वधूने सहीच्या जागी फुली मारली होती. (चर्चच्या वहीतली ही नोंद आणि सरकारी दाखला यांतला मजकूर एकच असतो. वहीचं छायाचित्र ऑनलाइन मिळत असेल तर दाखल्याला पैसे घालू नका.)

रेघ म्हणजे बहुतेक वेळा आई अविवाहित होती. मग 1851ला आईच्या नवऱ्याच्या, म्हणजे सावत्र वडिलांच्या आडनावाने शोधलं. मिळाले: बारा वर्षांचे, शेतावर कामाला. आणि 1841ला, वयाच्या दुसऱ्या वर्षी, आईबरोबर ग्रेसनहॉलच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे आसरा नसलेल्या गरिबांना कडक नियमांत ठेवायच्या जागी.

1841ची जनगणना जपून वाचा. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं खालच्या पाचाच्या पटीत लिहिलेली असतात, म्हणजे वीस लिहिलं असेल तर वीस ते चोवीस काहीही. नातं लिहिलेलं नाही, जन्मगावही नाही, याच काउंटीत (जिल्ह्यात) जन्मले की नाही एवढंच. नातं आणि जन्माचं पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतलं गाव) 1851पासून मिळतं. वर्कहाउसमधली माणसं त्यांच्या गावात मोजली जात नसत, वर्कहाउस ज्या पॅरिशमध्ये असेल तिथे मोजली जात. आम्ही गावाची पानं चाळत बसलो होतो, म्हणून सापडत नव्हते. स्पेलिंगचंही तसंच: सांगणाऱ्याला लिहिता येत नसे, प्रगणक कानावर पडेल ते लिही. नॉरफोकात वायमंडहॅम लिहितात आणि विंडम म्हणतात, तेव्हा नावं मोठ्याने उच्चारून बघा.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून नॉरिचला रेल्वेने दोनेक तास लागतात. नॉरफोक रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जुन्या दस्तऐवजांचं कार्यालय, काउंटी हॉलला लागून आहे, स्टेशनपासून मैलभर. सासूबाईंना काठी लागते म्हणून आम्ही टॅक्सी केली. उघडण्याचे दिवस पाहून जागा आधी राखून ठेवा, हवे ते दस्तऐवज क्रमांकासह आधी कळवा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. आत फक्त पेन्सिल चालते, पिशव्या लॉकरमध्ये. 1 ऑगस्ट 1994ला नॉरिचचं मध्यवर्ती ग्रंथालय जळालं, तेव्हा हे ऑफिस त्याच इमारतीच्या तळघरात होतं. कागद भिजले, पण वाचले. आपण हात लावतो तो कागद कशातून आलाय हे माहीत असलेलं बरं.

बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदवह्या 1538पासून ठेवायचा हुकूम आहे, पण प्रत्येक गावाच्या तेवढ्या जुन्या उरलेल्या नाहीत. 1813पासून छापील नमुना आला आणि वडिलांचा धंदा कळू लागला. ह्यातलं बरंच ऑनलाइन आहे. बाप्तिस्मा मिळालाच नाही तर मेथडिस्ट या वेगळ्या पंथाच्या चॅपलच्या वह्या बघा, नॉरफोकच्या मजुरांमध्ये त्यातल्या प्रिमिटिव्ह मेथडिस्ट शाखेचे लोक पुष्कळ होते. रेकॉर्ड ऑफिसात जाऊन मुद्दाम मागवायचे ते गरिबांच्या मदतीचे कागद. 1834च्या आधीच्या कायद्याने गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या पॅरिशची, मग तो नक्की कुठल्या पॅरिशचा हे ठरवायला न्यायाधीशांपुढे त्याची जबानी घेत. आम्हाला सासूबाईंच्या खापरपणजीच्या वडिलांची 1826ची जबानी मिळाली. जन्म कुठे, मायकेलमसला (29 सप्टेंबरच्या सणाला) कुठल्या शेतकऱ्याकडे वर्षभराच्या करारावर लागले, वर्ष पुरं केलं, मजुरी किती, लग्न कधी, मुलं किती. पानभर मजकूर. सगळ्या जनगणना मिळून या माणसाबद्दल एवढं सांगत नाहीत. शेवटी फुली. त्या फुलीला शाई जास्त लागली आहे, बहुतेक हात टेकला असावा. सासूबाईंनी अख्खी जबानी हळू आवाजात वाचली आणि मी लिहून घेतली. घराणं गरीब होतं म्हणून काही मिळणार नाही, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मदत मागावी लागली म्हणूनच त्यांचं बोलणं लिहून ठेवलं गेलं.

तिसऱ्या दिवशी ग्रेसनहॉल. डीरहॅमपासून तीनेक मैल, गाडी असलेली बरी. आता तिथे संग्रहालय आहे. वर्षभर उघडं नसतं, वेळापत्रक पाहूनच निघा. लाल विटांची प्रचंड इमारत, 1777ची. आधी ते गरिबांना काम देणारं घर होतं, गरिबांच्या मदतीच्या 1834च्या नव्या कायद्यानंतर वर्कहाउस झालं. त्याच कायद्याने लग्नाबाहेरच्या मुलाचा सगळा भार आईवर टाकला. ग्रेसनहॉलमध्ये अविवाहित आयांना वेगळं जाकीट घालायला लावत, सगळ्यांना लांबून कळावं म्हणून. त्यांना 'जॅकेट विमेन' म्हणत. खापरपणजी तेव्हा विशीतली. त्या अंगणात उभं राहून मला तिचा फार राग राग आला, म्हणजे तिच्यासाठी आला. सासूबाई भिंतीला हात लावून म्हणाल्या, "पण तिने मुलगा सोडला नाही. बाहेर पडली तेव्हा घेऊन पडली." हे खरंच आहे, 1851च्या वहीत तो तिच्याच घरात आहे.

शेवटचा दिवस गावाला ठेवला. एक गोष्ट लक्षात घ्या: जुन्या नोंदवह्या आता चर्चमध्ये नसतात. 1978च्या नियमानुसार शंभर वर्षांवरच्या वह्या रेकॉर्ड ऑफिसात जमा होतात. गावातल्या पाद्रीबुवांना त्यासाठी त्रास देऊ नका, चर्च बघायला जा. आमचं चर्च गारगोटीच्या दगडांचं, गोल बुरुजाचं, उघडंच होतं. तीन मुलांच्या दफनाच्या नोंदी आम्ही नॉरिचलाच पाहिल्या होत्या: पाच आठवडे, दोन वर्षं, चार वर्षं. मजुराच्या मुलांवर दगड नसतो. जागेचा नकाशाही नाही. जूनमध्ये गवत गुडघाभर आणि ओलं असतं, बंद बूट घाला.

सासूबाई दगड नसलेल्या बाजूला गेल्या. कागद काढला आणि तिन्ही नावं त्यांनी मोठ्याने वाचली. मधलं नाव त्यांच्या आईचं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी एवढं आणखी: जनगणना शंभर वर्षं बंद ठेवतात, म्हणून सध्या 1921 ही शेवटची. 1931ची आगीत गेली, 1941ला झालीच नाही. म्हणजे 1921 आणि सप्टेंबर 1939चं रजिस्टर (युद्ध सुरू होताच केलेली लोकांची नोंद) यांच्यावरच भागवायचं आहे, मधलं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या, आणि लवकर विचारा.

खापरपणजीच्या आईचं जन्मगाव 1851च्या वहीत सफोकमधलं निघालं आहे. म्हणजे आता इप्सविचचं द होल्ड, सफोकचं रेकॉर्ड ऑफिस. सासूबाईंनी सप्टेंबरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.