ईस्टर झाला, आता हिरव्या रविवारांचं काय करायचं?

ईस्टर झाला की आमच्या चर्चमध्ये एकदम शाळेला सुट्टी लागल्यासारखं वातावरण होतं. क्वायरची प्रॅक्टिस बंद, सजावटीचं सामान पेटीत, संडे स्कूलची मुलं मामाकडे, आणि मग थेट नोव्हेंबरात कोणीतरी विचारतं की यंदा कॅरल राउंडला गाडी कोणाची घ्यायची. उपासनेत काहीतरी नवीन करूया म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर एवढंच येतं, आणि मंडळीच्या वर्षाचा जवळजवळ निम्मा भाग तसाच कोरडा जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यंदाचं, म्हणजे 2026 चं कॅलेंडर काढून बघा. ईस्टर 5 एप्रिलला झाला, पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण, 24 मे ला, त्रैक्य रविवार 31 मे ला, आणि आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार एकदम 29 नोव्हेंबरला. मधे 25 रविवार! चर्चच्या वर्षात या काळाचा रंग हिरवा, वेदीवर हिरवं कापड घातलं की ते नोव्हेंबरपर्यंत हलत नाही. आता बघा, ही पद्धत जिथे ठरली त्या युरोपात हे उन्हाळ्याचे महिने, पण आपल्या माळव्यात हाच पावसाळा. जूनच्या मध्यावर इंदूरला पाऊस येतो, मग सोयाबीनची पेरणी, आणि महू किंवा देवासच्या रस्त्याने गेलं तर ऑगस्टपर्यंत नजर जाईल तिथवर हिरवंच हिरवं. हा रंग त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त लागू पडतो असं मला वाटतं, आणि आपणच त्याचं काही करत नाही.

याला थोडं जुनं कारणही आहे. आपलं सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन. त्यात अँग्लिकन लोकांकडे वर्षभराच्या शास्त्रपाठांची, म्हणजे कुठल्या रविवारी बायबलमधलं काय वाचायचं याची, पक्की परंपरा होती, पण आपल्या इंदूरकडे काम केलं ते कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने, आणि त्या परंपरेत असे काळ पाळण्यावर कधी फारसा भर नव्हता. त्यामुळे घरात आजी-आजोबांकडून नाताळ शिकलो, पिकाबद्दल आभार मानायचा हंगामाचा सण शिकलो, पण बाकी वर्ष कसं जगायचं ते कोणी सांगितलं नाही.

सुरुवात पेंटेकॉस्टपासून करता येईल, तो तर तोंडावरच आलाय. प्रेषितांची कृत्ये अध्याय 2, ज्यात शिष्य एकदम वेगवेगळ्या भाषांत बोलू लागतात, तो एकाच माणसाने माइकवर वाचायचा हे बंद करूया. आपल्या मंडळीत मराठी आहेत, हिंदीवाले आहेत, मल्याळी आणि तमिळ कुटुंबं आहेत, झाबुआकडची भिली बोलणारी मुलं हॉस्टेलमधून येतात. पाच-सहा जणांना वेगवेगळ्या बाकांवर बसवायचं, पहिली चार वचनं सगळ्यांनी आपापल्या भाषेत एकदम मोठ्याने वाचायची, माइक नाही, काही नाही. अर्धा मिनिट नुसता कल्लोळ होईल, लोक माना वळवून बघतील, आणि होऊ द्यायचा तो. मग पाळकांनी हात वर केला की सगळे गप्प, आणि पुढचं एकाने मराठीतून वाचायचं. त्या दिवशी यरुशलेमेत लोक गोंधळले होते असं शास्त्रात लिहिलंय, तो गोंधळ कानांना कळला पाहिजे ना.

आणि मला सगळ्यात जास्त उत्साह आहे तो जुलैचा. तीन वर्षांच्या शास्त्रपाठांच्या चक्रात हे मत्तयच्या शुभवर्तमानाचं वर्ष आहे, आणि 12, 19 आणि 26 जुलैला ओळीने मत्तय 13 येतो, आधी पेरणाऱ्याचा दाखला, ज्याचं बी वाटेवर, खडकाळ जागी, काटेरी झुडपांत आणि चांगल्या मातीत पडतं, मग गव्हातलं निदण, म्हणजे तण, मग मोहरीचा दाणा. ऐन पेरणीच्या दिवसांत! तुमच्याकडच्या तक्त्यात दुसरे पाठ असले तरी पाळकांना विचारून हे तीन रविवार मागून घ्या. करायचं असं की जुलैच्या पहिल्या रविवारी संडे स्कूलच्या मुलांनी चार ट्रे आणायचे, भाजीवाल्याकडचे प्लास्टिकचे उथळ क्रेट चालतील, खाली पेपर घालायचा. एकात चर्चच्या फाटकासमोरची पायवाटेची माती, ओली करून पायाने चांगली दाबून घट्ट केलेली. दुसऱ्यात खाली गिट्टी आणि वर बोटभर माती. तिसऱ्यात अशी माती की जिच्यात गाजरगवताची मुळं आणि बी आहेत, ती मुद्दाम न काढता. चौथ्यात आपली चांगली काळी माती, थोडं शेणखत घालून. प्रत्येकात मूठभर मेथी टाकायची आणि चारही ट्रे वेदीच्या पायरीवर ठेवायचे.

मेथी चार-पाच दिवसांत वर येते. 12 जुलैपर्यंत घट्ट मातीवरचे दाणे तसेच पडलेले दिसतील, बरेचसे चिमण्यांनी नेलेले असतील, दारं-खिडक्या उघड्या असतात आपल्याकडे. गिट्टीवाल्या ट्रेमध्ये मात्र कोंब टवटवीत दिसतील आणि मुलं म्हणतील हाच ट्रे चांगला. तेव्हा काही समजवायला जाऊ नका. त्या ट्रेला पुढचा आठवडाभर पाणी कमी करा, आणि 19 तारखेला तो सुकलेला त्यांचा त्यांनाच दिसू द्या. त्याच दिवशी निदणाचा दाखला आहे आणि तिसऱ्या ट्रेमध्ये तोवर मेथी आणि गवत एकमेकांत असे गुंतलेले असतील की एक उपटायला गेलं तर दुसरं हातात येईल. उपदेश फार लांब करायची गरजच पडणार नाही. 26 तारखेला काळ्या मातीतली मेथी कापून जुड्या बांधायच्या आणि अर्पणाबरोबर पुढे आणायच्या, नंतर चर्चशेजारच्या घरांमध्ये वाटून टाकायच्या.

पावसाळ्यात एखादा रविवार पूर्ण भजनाचाही ठेवावा. पेटी, तबला, टाळ एवढंच, की-बोर्ड त्या दिवशी कपाटात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठीत इतकी सुंदर ख्रिस्ती भजनं लिहून ठेवली, कीर्तनं केली, आणि आपण इंदूरचे मराठी, होळकरांच्या काळापासून इथे टाळ वाजतोय, आपल्याच चर्चमध्ये ती भजनं आता फक्त ज्येष्ठ मंडळींना तोंडपाठ आहेत. युथच्या मुलांना त्यांच्या शेजारी खाली सतरंजीवर बसवा, चाल आपोआप कानात जाईल.

सप्टेंबरची सुरुवात ते 4 ऑक्टोबर हा आता जगभर बऱ्याच मंडळ्या सृष्टीचा काळ म्हणून पाळतात. त्यातली एक उपासना सकाळी लवकर इंदूरच्या सिरपूर तलावावर करता येईल. 2022 मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आले. स्तोत्र 104 तिथे उभं राहून वाचायचं, त्यात पाणी आहे, पक्षी आहेत, सगळं समोर. लाउडस्पीकर मात्र नको, पक्ष्यांची जागा आहे ती.

हंगामाच्या सणाबद्दल माझं जरा वेगळं मत आहे. आपल्यातल्या बहुतेकांची शेती राहिलेली नाही, आपण बाजारातून पपई आणि भोपळा विकत आणतो, वेदीसमोर मांडतो आणि लिलावात दुसऱ्याचा भोपळा घरी नेतो. लिलाव राहू दे, त्यात गंमतही असते आणि चर्चला पैसेही मिळतात. पण त्याबरोबर प्रत्येकाने आपल्या हाताच्या कामातली एक वस्तू आणावी. शिवणकाम करणारीने तिचा टेप, नर्सने तिच्या नावाचा बॅज, ऑटोवाल्याने किल्ली, शाळेतल्या बाईंनी तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा. पाळकांनी त्या वस्तू हातात घेऊन त्या कामासाठी प्रार्थना करायची आणि परत द्यायच्या. किल्ली लागेलच घरी जायला.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानात आपण मेणबत्त्या लावतोच. त्याच्या आदल्या दिवशी, 1 तारखेला यंदा रविवारच आहे, तेव्हा त्या वर्षी गेलेल्यांची नावं उपासनेत सावकाश वाचावीत, आणि घरातल्या एका माणसाने उभं राहून एकच वाक्य बोलावं. भाषण नको, एकच वाक्य.

गुड फ्रायडेलाही एक सुचलंय, पण त्याला आता वर्ष आहे. येशूने वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात शब्दांच्या, म्हणजे उद्गारांच्या, उपासनेत सात वातींची समई लावायची, आणि एकेका शब्दानंतर एक वात तेलात ओढून विझवायची. भर दुपारी उजेड दिसत नाही, म्हणून खिडक्यांना जाड पडदे लागतील, ते महिला संघाकडून शिवून घेता येतील.

आगमनकाळाच्या चक्राबद्दल, म्हणजे ज्यावर दर रविवारी एक मेणबत्ती लावतात त्याबद्दल, फार सांगायला नको, ते सगळीकडे होतं. फक्त एवढंच की 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न यांनी गरीब मुलांसाठी पहिलं चक्र केलं ते गाडीच्या जुन्या चाकाचं होतं. खेड्यात कोणाकडे बैलगाडीचं चाक पडून असेल तर नोव्हेंबरपर्यंत शोधून ठेवा, थर्माकोलचं नको.

सध्या मात्र पेंटेकॉस्टसाठी भिली आणि मल्याळम वाचणारे ठरवायचे आहेत, आणि जुलैसाठी चार क्रेट. काळी माती आणि शेणखत राऊच्या पुढे ज्यांचं शेत आहे ते देतो म्हणालेत. गाजरगवताची माती कोणीही आणू शकतं, फक्त हातमोजे घालून, त्याने खाज सुटते.