रिकामी नळी

फ्रेम करायला टाकलेला फोटो आणायला गेलो, तर दुकानदार आरशाच्या कापून उरलेल्या पट्ट्या खोक्यात टाकत होता. तीन मागितल्या. "शाळेचा प्रोजेक्ट का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. आमच्या घरात शाळेत जाणारं कुणी नाही.

शाळेत कॅलिडोस्कोपला शोभादर्शक म्हणत. तीन पट्ट्या, आरसे आतल्या अंगाला, वरून पुठ्ठा नि रबरबँड, एका तोंडाला बटर पेपर. इथवर सोपं. बांगड्यांच्या काचांसाठी मात्र आजीला शरण जावं लागे. "फुटलेल्या बांगड्या आहेत का गं?" म्हटलं की आधी डोळे वटारायची. "फुटल्या नाही म्हणू रे. वाढवल्या म्हणावं." मग डब्यातून हिरवे तुकडे काढून द्यायची. नळीत टाकून पाहिलं, तर तिचंच बरोबर निघायचं. चार तुकड्यांचं नुसतं रान माजलेलं.

हे खेळणं स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरचं, १८१६ सालचं. पुढच्या वर्षी त्याने पेटंटही घेतलं, पण नळी इतकी सोपी की ज्याने त्याने नक्कल केली आणि पैसा दुसऱ्यांनीच कमावला. तुकड्यांऐवजी पुढे भिंग बसवलं, तर दूरच्या वस्तूंचीही नक्षी होते, हेही त्याला सुचलं होतं. माझ्याकडे भिंग कुठलं? आमरसाच्या हाताने बटर पेपर फाटला, काचा अंगणात सांडल्या, तेव्हा रडवेला होऊन मी उघडी नळीच डोळ्याला लावली.

खाटेवरच्या कुरडयांची जाळी झाली. दोरीवर वाळणाऱ्या बाबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्याचं तर असं झुंबर झालं, की पुढे पैठणीच्या पदरानेही मला तेवढं दिपवलं नाही. तेव्हापासून काचा घातलेला शोभादर्शक मला किंचित लबाडीचा वाटतो. देखण्या वस्तू घालून देखणं दाखवायचं, त्यात काय मोठंसं?

मग नळी आजीकडे वळवली. कपाळं, सुरकुत्या, नाकातल्या चमक्या, सगळ्यांनी फेर धरलेला.

"काय दिसतंय रे?"

"आजी, तू वाढलीस!"

पाठीत धपाटा बसला. नंतर कुरडया उलटताना मात्र ती बराच वेळ एकटीच हसत होती.

आज संध्याकाळी नवी नळी गॅलरीतून समोरच्या खांबावरच्या वायरींच्या गुंत्यावर धरली. बऱ्या दिसतात. अजून जरा बघणार होतो, पण रबरबँड जुना होता. वाढला.