मनीऑर्डरचा फॉर्म

२१ फेब्रुवारीचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन जवळ आला की मातृभाषेवरची भाषणं सुरू होतात. आईचं दूध, मातीचा गंध, संस्कृतीचा वारसा, सगळं ठरलेलं. मला मात्र त्या दिवशी मनीऑर्डरचा फॉर्म आठवतो.

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पोस्टाची तिकिटं, पाकिटं, फॉर्म नव्याने छापून आले ते उर्दूत आणि इंग्रजीत. बंगालीचा पत्ताच नाही. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी कराचीला, पाकिस्तानच्या संविधान सभेत, कोमिल्ल्याचे वकील धीरेंद्रनाथ दत्त बोलायला उभे राहिले. सभेच्या कामकाजात उर्दू-इंग्रजीच्या जोडीला बंगालीही असावी, एवढीच त्यांची मागणी. देशातल्या ६ कोटी ९० लाख लोकांपैकी ४ कोटी ४० लाख बंगाली बोलतात, हा हिशेब त्यांनी मांडलाच. पण मला आवडतो तो त्यांचा शेतकरी. त्याचा मुलगा ढाका विद्यापीठात शिकतो. बाप पैसे पाठवायला गावच्या पोस्टात जातो, तर फॉर्म उर्दूत. तो वाचून घ्यायला दूरच्या शहरात धावायचं, मग पैसे पाठवायचे. भाषेचा कैवार घेताना दत्तबाबूंनी काव्यशास्त्राला हात लावला नाही, थेट पोस्टाच्या खिडकीपाशी नेऊन उभं केलं. वकीलच ते!

हे दुखणं आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. गिरणगावातून कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरींवर कितीतरी चुली पेटल्या. त्या फॉर्मच्या तळाशी निरोपापुरती चिंचोळी जागा असे. ‘पैसे पोचल्याचे कळवणे. म्हशीला जपणे. पोराला शाळेत धाडणे.’ बस्स. वाचता न येणाऱ्या बायका तेवढं पोस्टमनकडून दोनदा वाचून घेत. पैशांपेक्षा त्या चार शब्दांनाच जास्त वजन असावं, असं मला नेहमी वाटतं.

दत्तबाबूंची मागणी फेटाळली गेली. पुढच्याच महिन्यात जीनांनी ढाक्यात येऊन राष्ट्रभाषा उर्दूच राहील असं बजावलं. मग १९५२ ची ती २१ फेब्रुवारी. जमावबंदी मोडून विद्यार्थी बाहेर पडले, गोळीबार झाला. बरकत, रफीक, जब्बार, सलाम ही त्यात गेलेल्यांची नावं ढाक्यात आजही पोराटोरांना पाठ असतात. १९५६ च्या राज्यघटनेत बंगाली आली. युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस जगाचा केला. दत्तबाबू काही तो बघायला राहिले नाहीत. १९७१ च्या मार्चमध्ये पाकिस्तानी लष्कराने त्यांना मुलासकट घरातून उचलून नेलं, ते परतलेच नाहीत.

आता मनीऑर्डरची सद्दी संपली. पोस्टाची खिडकी खिशातल्या फोनमध्ये आली, आणि भांडण तिथेही तेच. २००३ साली मैमनसिंगच्या मेहदी हसन खान या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने ‘अभ्र’ नावाचा कीबोर्ड काढला. रोमन कळांवर ‘आमी’ टंकलं की पडद्यावर बंगाली अक्षरं उमटतात. वर फुकट. ब्रीद काय, तर ‘भाषा होक उन्मुक्त’, भाषा मोकळी होवो. डॉक्टरकी शिकता शिकता हे उद्योग करणाऱ्या पोराला घरच्यांनी काय काय ऐकवलं असेल, याची कल्पना कुठल्याही मराठी घरात करता येईल. २०२५ मध्ये त्याला ‘एकुशे पदक’, म्हणजे त्या एकवीस फेब्रुवारीच्या नावाचा बांगलादेश सरकारचा सन्मान, जाहीर झालं, तेव्हा एकट्याने घ्यायला तो तयार होईना. जोडीच्या तिघा मित्रांची नावं त्यात आली तेव्हा कुठे गडी राजी झाला.

आमच्या घरच्या ग्रुपवर २७ फेब्रुवारीला मराठीच्या गौरवाचे निरोप धडाधड येतात. निम्मे रोमन अक्षरांत. फोनमध्ये मराठी कीबोर्ड आहे, हे मी दरवर्षी सांगतो. त्यावर एक अंगठा येतो.