न झालेल्या दोन पिढ्या

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावरची वंशावळ सर्वांची मिळून एकच असते आणि दिवंगत व्यक्तीची नोंद तेथे कोणीही सदस्य बदलू शकतो. तेथे आमच्या पणजोबांचे जन्मवर्ष १८०२ आणि त्यांच्या मुलाचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, १९०८ असे कोणीतरी लिहून ठेवले होते. कुळातल्या एका काकांना हे अंतर खटकले आणि त्यांनी मध्ये आणखी दोन पिढ्या घातल्या. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडे रीत असल्यामुळे त्या पिढ्यांना नावेही सहज मिळाली.

मूळ चूक पणजोबांच्या जन्मपत्रिकेच्या वाचनात होती. पत्रिकेत ‘शके १८०२, विक्रमनाम संवत्सर, माघ’ असे आहे, आणि शकाचा आकडा इसवी सन म्हणून उतरवला गेला. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु माघापर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असल्यामुळे येथे ७९ मिळवावे लागतात, म्हणून पणजोबांचा जन्म १८८१ चा ठरतो. शंका उरलीच तर संवत्सराचे, म्हणजे साठ नावांच्या चक्रातले त्या वर्षाचे, नाव ती फेडते, कारण इसवी सन १८०२ च्या पाडव्याला सुरू झालेले संवत्सर दुंदुभी होते, विक्रम नव्हे. संवत्सराचे नाव शोभेसाठी लिहिलेले नसते. जुन्या कागदात ते दिसले की मी आता प्रथम तेच पडताळून पाहतो.

मी दोन्ही पिढ्या काढून टाकल्या, परंतु कारण लिहिले नाही. महिन्याभराने काकांनी त्या पुन्हा घातल्या, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

मग मी पंचवटीत आमच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी गेलो. मूळ गाव आणि आडनाव सांगताच त्यांनी नामावळी, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदींची वही, काढली. रामकुंडावर वडिलांच्या अस्थी घेऊन आलेल्या पणजोबांनी शके १८३५ मध्ये स्वतःच्या हाताने मोडीत लिहिलेला लेख तिच्यात होता. वडील, आजोबा, भाऊ आणि पाच वर्षांचा मुलगा, सर्वांची नावे त्यात ओळीने आली होती. ते अक्षर पाहताना मला काही वेळ बोलता आले नाही. उपाध्यायांच्या परवानगीने त्या पानाचे छायाचित्र घेतले, ते पत्रिकेसह नोंदीला जोडले, बदलाचे कारण सविस्तर लिहिले आणि काकांना फोन केला. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि त्या दोन पिढ्या स्वतःच काढल्या.

पणजीच्या मात्र अजून दोन नोंदी आहेत, एक माहेरच्या नावाची आणि एक सासरच्या. त्या एकाच बाईच्या असाव्यात असे मला वाटते, परंतु पणजोबांचे दुसरे लग्न झाले होते की नाही हे सांगणारा कागद हाती आलेला नाही, म्हणून मी त्या एकत्र केलेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात आत्याकडे जाऊन तिच्या पेटीतली जुनी पत्रे पाहणार आहे.